मोजे घालून शिबाल्बात

एटीएम म्हटलं की आपल्याला पैसे काढायचं यंत्र आठवतं. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातल्या सान इग्नासिओ गावात मात्र एटीएम म्हणजे अक्टुन टुनिचिल मुक्नाल. तिथल्या प्राचीन माया लोकांच्या भाषेतल्या या नावाचा अर्थ 'दगडी थडग्याची गुहा'. गावाच्या मुख्य रस्त्यावर दर चार दुकानांआड एक फळा दिसतो आणि त्यावर खडूने लिहिलेलं असतं, उद्याची एटीएम, दोन जागा शिल्लक. पहिल्या दिवशी मी त्या अक्षरांना मनसोक्त हसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओले कपडे गॅलरीच्या कठड्यावर पिळून टाकताना वाटलं की त्या गावात दोन्ही अर्थ एकच आहेत.

ह्यूस्टनहून बेलीझ सिटी विमानाने अडीच-पावणेतीन तासांवर. आम्ही तिघं गेलो होतो, मी, माझी धाकटी जाऊ आणि तिचा अठरा वर्षांचा मुलगा. गुहेचा हट्ट त्याचाच. ज्या एजन्सीकडून आम्ही जागा घेतल्या तिच्या पत्रकात खऱ्या सांगाड्यांचा आणि खऱ्या थराराचा उल्लेख एकाच ओळीत होता. सकाळी निघण्यापूर्वी एका कागदावर सह्या झाल्या. बुडालात, घसरलात, हाड मोडलं तर ज्याचं त्याने बघावं, असा त्याचा मथितार्थ. जाऊबाईंनी सही करताना माझ्याकडे असं पाहिलं की जणू पोराचं लग्न मी परस्पर ठरवलंय.

वाट सुंदर आहे, हे आधी कबूल करते. जंगलातून पाऊणएक तास चालायचं, रोअरिंग क्रीक ही नदी तीनदा ओलांडायची, आणि मग समोर डमरूच्या आकाराचं गुहेचं तोंड येतं. त्यातून निळंहिरवं पाणी बाहेर येतं. आत शिरायचं तर चार हात पोहावंच लागतं. पुढे कधी गुडघाभर, कधी छातीभर पाण्यातून, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात चालत राहायचं. एका ठिकाणी दोन खडकांच्या फटीतून मान तिरकी करून पलीकडे निघावं लागतं. गाइड तिथे गळा कापण्याचा विनोद करतो. बहुधा तो रोज तोच विनोद करत असावा, आणि रोज लोक हसत असावेत. आम्हीही हसलो. इथपर्यंत हे साहस होतं, आणि त्यात काही वावगं नव्हतं.

मग पाण्यातून वर एका कड्यावर चढलो. गाइड म्हणाला, बूट इथेच काढा, मोजे मात्र पायात राहू द्या.

"ताई, हे देवळासारखंच की हो," जाऊबाई पुटपुटल्या.

मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण कारण ऐकल्यावर ते वाटणं विरलं. बुटांखाली खापरं चिरडतात, आणि अनवाणी पायांचं तेल-घाम लागून जमिनीवरचा कॅल्साइट, म्हणजे चुन्याचा स्फटिकथर, खराब होतो. म्हणून मोजे. नियम शहाणपणाचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण देवळात चपला काढतो ते फरशी झिजू नये म्हणून नव्हे. माझा सगळा मुद्दा या ओल्या मोज्यांपाशी सुरू होतो. या गुहेत वस्तू जपण्याचा नियम आहे. ज्यांच्यासाठी ती गुहा होती आणि जे अजून तिच्यात पडून आहेत, त्यांचा मान राखणारा एकही नियम नाही.

आत जे आहे ते साधारण इ. स. ७०० ते ९०० या काळातलं. कोरड्या दालनात जिकडे दिवा फिरवावा तिकडे मडकी, रांजण, खापऱ्या. शेकड्यांनी. बरीचशी मुद्दाम भोक पाडून किंवा फोडून ठेवलेली. भांड्यातला जीव मोकळा व्हावा म्हणून, असं अभ्यासक सांगतात. आपल्याकडे स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला दगडाने भोक पाडतात ते ज्याने पाहिलंय त्याला यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही. दुसऱ्या एका कपारीत पाटीच्या दगडाचे दोन उभे फलक आहेत. एकाला आकार पाकट माशाच्या काट्याचा, दुसऱ्याला ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेच्या, पात्याचा. माया राजे-पुरोहित अशाच काट्यांनी आणि पात्यांनी स्वतःच्या अंगातून रक्त काढून देवाला वाहत. आणि या सगळ्यात चौदा माणसांचे अवशेष. त्यांत लहान मुलं आहेत. कुणाला पुरलेलं नाही. होती तशी उघड्यावर, पाण्याच्या डबक्यांत, कपारीत ठेवलेली.

मायांच्या लेखी गुहा म्हणजे पाताळाचं दार. किचे या माया गटाच्या कथेत त्या पाताळाला शिबाल्बा म्हणतात, भयाची जागा. तिथल्या धन्यांची नावंच 'एक मृत्यू' आणि 'सात मृत्यू' अशी. पण गुहेतूनच पाणी येतं, ढग तिथेच जन्मतात, चाक नावाचा पावसाचा देव तिथेच राहतो. म्हणजे मरण आणि पाऊस एकाच दाराआड. होली मॉयस आणि हायमे आवे या पुरातत्त्वज्ञांनी इथे वर्षानुवर्षं काम करून जो तर्क मांडला तो असा की आठव्या-नवव्या शतकात पाऊस जसजसा दगा देऊ लागला तसतसे लोक गुहेत अधिक खोल, अधिक अंधारात जाऊन अधिक मोलाचं काही वाहू लागले. पावसाने दगा दिला हे नुसतं अनुमान नाही. दक्षिण बेलीझमधल्या योक बालुम गुहेतल्या एका लवणस्तंभाच्या थरांतून त्या शतकांतले कोरडे काळ वाचता आले, आणि ते संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झालं. मडक्यांनी भागलं नाही तेव्हा माणसं.

आपल्याला हे रानटी वाटायचं कारण नाही. श्रावणात शीतळासप्तमीची कहाणी ज्या घरात वाचली जाते, तिथल्या पोरांनाही ही गोष्ट पाठ असते. राजा तळं बांधतो, तळ्याला पाणी लागत नाही, जलदेवता सुनेचा थोरला मुलगा मागतात. सून माहेरी गेलेली असते. राजा नातवाला न्हाऊमाखू घालतो, जेवू घालतो आणि तळ्यात पलंगावर निजवून येतो. पाणी लागतं. कहाणीत पुढे सुनेचं व्रत फळतं आणि मूल परत मिळतं, कारण कहाणी आईला ऐकवायची असते. माझी आजी त्या पलंगापाशी आली की तिचा आवाज खाली जायचा. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होईपर्यंत आम्ही हलायचो नाही. अक्टुन टुनिचिल मुक्नालमधली मुलं परत आली नाहीत, एवढाच फरक. तिथे उभं राहून मला थरार वाटला नाही. आजीचा खाली गेलेला आवाज आठवला.

दालनाच्या टोकाला खडकाला बांधलेली अॅल्युमिनियमची शिडी आहे. तिच्यावरून चढून गेलं की एका लहान दालनात एक सबंध सांगाडा उताणा पडलेला दिसतो. तोंड उघडं, हातपाय पसरलेले. हजार-बाराशे वर्षांच्या ठिबकत्या पाण्याने हाडांवर कॅल्साइटचा थर चढलाय, आणि दिवा पडला की ती हाडं चमकतात. जगभर त्याला 'क्रिस्टल मेडन' म्हणतात, स्फटिककन्या. आमच्या गाइडने प्रामाणिकपणे सांगितलं की नंतरच्या तपासणीत हा सांगाडा तरुण मुलाचा असावा असं दिसलंय, सतराएक वर्षांचा.

"काकू, मग अजून मेडन का म्हणतात?" पुतण्याने मला कुजबुजत विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तो कठड्याशी उभा होता, आणि त्या दोघांमध्ये दोन हातांचं अंतर होतं.

उत्तर साधं आहे. कन्या खपते. जगभरच्या पर्यटन पत्रकांत ती कुमारिका आहे, कुठे राजकन्याही आहे. शास्त्राने मत बदललं तरी बाजाराने बदललं नाही. मेलेल्या माणसाची एवढी साधी ओळखही त्याला परत द्यायची तयारी नसेल, तर 'आम्ही माया संस्कृतीचा सन्मान करतो' हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते पोकळ नाही, म्हणून नीट सांगते.

पहिलं म्हणजे इथे हाडं आणि भांडी जिथल्या तिथे ठेवली, हा निर्णय मोठा आहे. १९८६ मध्ये भूरूपशास्त्रज्ञ थॉमस मिलर यांनी ही गुहा जगापुढे आणली. पुढे आवे यांच्या नेतृत्वाखाली तिचा शोधाभ्यास झाला आणि १९९८ पासून ती पर्यटकांना खुली झाली. या वस्तू उचलून काचेच्या कपाटात मांडल्या असत्या तर त्यांचा अंधार गेला असता, पाण्याचा आवाज गेला असता. शिवाय बरीच हाडं जमिनीला चिकटून दगड झालीत. ती हलवायची तर फोडावी लागतील. दुसरं म्हणजे राखण. ज्या माया स्थळांकडे कुणाचं लक्ष नसतं तिथे चोर पोचतात, नाहीतर बुलडोझर. २०१३ साली उत्तर बेलीझमधला नोमुलचा पिरॅमिड एका ठेकेदाराने रस्त्याच्या भरावासाठी खणून नेला, भरदिवसा. एटीएमच्या वाटेवर रोज माणसं असतात म्हणून ती वाचलीय, हे म्हणणं मला पटतं. तिसरं म्हणजे पोट. परवानाधारक गाइडशिवाय आत जाता येत नाही आणि एका गाइडमागे आठच माणसं नेता येतात. या नियमामुळे गावातली बरीच चूल या गुहेवर पेटते. आमचा गाइड त्यातलाच. त्याचं वाचन माझ्यापेक्षा जास्त होतं, आणि वाटेत कुणाचाही पाय चुकीच्या जागी पडला तर त्याचा आवाज चिरकायचा.

म्हणून गुहेला टाळं ठोका, असं मी म्हणत नाही. गुहा बंद करणं सोपं असतं आणि बहुधा उशिरा होतं. ग्वाटेमालातल्या नाह तुनिच गुहेत माया चित्रलिपीचे आणि चित्रांचे अप्रतिम नमुने होते. १९८९ मध्ये कुणीतरी त्यांतली बरीच घासून, खरवडून विद्रूप केली. मग ती बंद झाली, मग शेजारच्या दुसऱ्या गुहेत तिची प्रतिकृती झाली. फ्रान्समधली लास्को ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९६३ मध्ये बंद झाली, तेव्हा माणसांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ चढून झालं होतं. आधी बघू, बिघडलं की कुलूप लावू, हीच सगळीकडची रीत.

एटीएमची गाडीही त्याच रुळावर आहे. २०१२ मध्ये एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा निसटला आणि कवटीवर पडला. हजारएक वर्षं शाबूत राहिलेल्या कवटीला भोक पडलं. गाइड आता तेही दाखवतात, प्रेक्षणीय स्थळ म्हणून. त्यानंतर कॅमेरे बंद. ठीक. पण कॅमेरा हा गुन्हेगार होता का? त्याच्या मागचा हात, त्या हातामागचा तोल, त्या तोलाखालचे ओले मोजे, हे सगळं आजही तिथेच आहे. हेल्मेट पडू शकतं, दिवा पडू शकतो, माणूस पडू शकतो. जमिनीवर टाकलेली नारिंगी फीत हीच काय ती भिंत. आमच्या गटातला एक जण शेजारच्याला काहीतरी दाखवायला वळला आणि त्याची टाच फितीच्या पलीकडे गेली. एका रांजणाच्या काठापासून वीतभर. गाइडने त्याचं मनगट धरलं. तो मनुष्य वाईट नव्हता, दमला होता. दोन तास पाण्यातून चालून, थंडीने काकडत, सरपटत आलेल्या माणसाला सगळ्यात नाजूक जागी आणून उभं करायचं आणि सांगायचं, आता सांभाळून. हा साहसाच्या आखणीतच असलेला दोष आहे. थरार आणि हळुवारपणा एकाच दमात मागता येत नाहीत.

आणि मुख्य प्रश्न वेगळाच आहे. हे विचारलं कुणाला?

१९५९ मध्ये मेक्सिकोत चिचेन इत्झाजवळ बालांकांचे गुहेत शतकानुशतकं बंद असलेलं एक दालन सापडलं. आत धूपपात्रं, जिथे ठेवली तिथेच. पुरातत्त्वज्ञ कामाला लागले आणि जवळपासच्या गावांतले माया पुजारी, ज्यांना ह्मेन म्हणतात, ते येऊन उभे राहिले. म्हणाले, तुम्ही पावसाच्या देवांना न विचारता आत गेलात, आता आम्हाला विधी करू द्या, नाहीतर त्रास तुम्हालाही होईल आणि आम्हालाही. शास्त्रज्ञांनी ऐकलं, स्वतः विधीला बसले. विधी तासन्‌तास चालला. त्यामुळे एकही खापर कमी अभ्यासलं गेलं नाही. साठ वर्षांनी त्याच परिसरात बालामकू गुहेचं काम सुरू झालं तेव्हाही आधी विधी झाला, मग मोजमाप. ग्वाटेमालातल्या केक्ची मायांचे डोंगर-दरीचे धनी, त्सुल्ताका, आजही गुहांत राहतात. मका पेरण्यापूर्वी तिथे कोपाल धूप जाळून परवानगी मागतात. तिथल्या १९९५ च्या शांतता-करारांपैकी एकात मूलनिवासींच्या पवित्र स्थळांवरच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. अंमलबजावणी कशी झाली हा भाग वेगळा, पण कागदावर तरी आलं.

बेलीझमध्ये कायद्याने पुरातन वास्तू आणि वस्तू सरकारच्या मालकीच्या. चोरांविरुद्ध हा कायदा हवाच. पण सरकार मालक झालं की बाकीचे सगळे पाहुणे होतात, मायासुद्धा. दक्षिणेतल्या टोलेडो जिल्ह्यातल्या माया गावांना स्वतःच्या परंपरागत जमिनीवरचा हक्क मान्य करून घ्यायला कॅरिबियन न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि तो २०१५ मध्ये मान्य झाला. ही गुहा आहे त्या कायो जिल्ह्यापासून ती गावं लांब आहेत, त्यांचा या गुहेशी थेट संबंध मी जोडत नाही. आजचा कोणता माया गट त्या चौदा जणांचा वारस, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तरी वारस सिद्ध होत नाही म्हणून प्रेत बेवारस, हा न्याय आपण आपल्या गावच्या स्मशानात चालवू का? बेवारस मेलेल्यालाही चार खांदे मिळावेत, असं मानणारे आपण.

मग करायचं काय? उत्तर कायो जिल्ह्यातच तयार आहे. बार्टन क्रीक गुहेतून होडीने आत जातात. त्या गुहेच्या कपारींवर किमान २८ माणसांचे अवशेष सापडलेत. पर्यटक होडीत बसून खालून वर दिवा मारतात, गाइड गोष्ट सांगतो, होडी वळते. कुणी वर चढत नाही. त्या व्यवसायाचं काही बिघडलेलं नाही, होड्या भरूनच जातात. एटीएममध्ये तेच करावं. नदी ठेवा, पोहणं ठेवा, ती मान तिरकी करायची फटही ठेवा. तो विनोदसुद्धा ठेवा हवं तर. बूट काढायच्या कड्यावर येऊन सगळ्यांनी बसावं, दालनाच्या तोंडाशी असलेली मडकी तिथूनच बघावीत, दिवे मालवावेत. पाइनच्या मशाली घेऊन इथवर आलेल्या माणसांना काय वाटलं असेल, हे गाइडने अंधारात सांगावं. आणि परत फिरावं. पुढचं दालन अभ्यासकांसाठी, आणि ज्यांना तिथे धूप जाळायचा असेल त्यांच्यासाठी.

लोक यायचे थांबतील, असं गाइडला वाटतं. परतीच्या वाटेवर मी हे बोलून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, सांगाडा नाही म्हटलं तर अर्धे पैसे परत मागतील. मागतीलही. जे मागतील ते सांगाड्याचंच तिकीट काढून आले होते, हे त्यातून कळेल. त्याचं उत्पन्न बुडू नये म्हणून भाडं वाढवा, गट लहान करा, एजन्सीच्या वाट्यातून कापा. पत्रकातली ती थराराची ओळ आधी काढा. पण रोजगाराचा प्रश्न एका सतरा वर्षांच्या मुलाच्या उघड्या तोंडावर टॉर्च मारून सोडवायचा, याला माझी संमती नाही. मी स्वतः ती शिडी चढून आलेय, पैसे मोजून, हे खरं. न चढता हे लिहिलं असतं तर जास्त शोभलं असतं, तेही खरं.

संध्याकाळी एजन्सीचा निरोप मोबाइलवर आला. थरार कसा वाटला, पाचपैकी किती तारे. पुतण्याने एकही दिला नाही, जाऊबाईंनी गाइडसाठी पाच दिले. मी त्या शिडीचा विचार करत होते. अॅल्युमिनियमची आहे, हलकी, दोरीने बांधलेली. उतरवायला दोन माणसं आणि फार तर अर्धा तास लागेल.